मंडळीच्या प्रार्थनेतली ती एक ओळ

प्रश्न : प्रिय ताई, सलाम. आम्ही मूळचे नगरचे. बाप्तिस्मा, लग्न सगळं तिथल्याच मंडळीत झालं. नोकरीसाठी अटलांटाजवळ आलो आणि इथलेच झालो. इथे आमची छोटी मराठी मंडळी आहे, मी पंचमंडळात आहे. जानेवारीत मार्टिन लूथर किंग यांच्या स्मरणाच्या रविवारी आमच्या तरुण संघाने शेजारच्या आफ्रिकन मेथॉडिस्ट मंडळीबरोबर संयुक्त उपासना ठरवली. मुलांनी लिहिलेल्या प्रार्थनेत एक ओळ होती : ‘प्रभू, कृष्णवर्णीयांचे जीव मोलाचे आहेत, हे आमच्या मनावर बिंबव.’ पंचमंडळाच्या सभेत मी सुचवलं, ‘सर्वांचे जीव’ असं करू या, उगाच वाद नको. तसं झालं. प्रार्थना लिहिणाऱ्यांत माझी मुलगी होती. ती रुग्णालयात प्रसूती विभागात नर्स आहे. ती इतकंच म्हणाली, ‘बाबा, माझ्या वॉर्डातली बाई तुम्ही प्रार्थनेतून काढून टाकलीत.’ तेव्हापासून ती उपासनेला येत नाही. फोनवर जेवलात का, औषध घेतलंत का, एवढंच विचारते. ताई, मी वर्णभेद करणारा माणूस नाही. गर्भातल्या बाळांसाठी मी वर्षानुवर्षं काम करतोय. अडचणीत सापडलेल्या गरोदर मुलींच्या मदतकेंद्राला आमच्या मंडळीतून दर महिन्याला पैसे जातात. ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ या मूळ इंग्रजी घोषणेमागची संघटना कुटुंबाच्या विरोधात आहे, तिथे पैशांचाही गोंधळ झाला, असं वाचलंय. देवाची सगळीच लेकरं, हे म्हणणं चूक कसं? आणि ज्या बाळाला अजून तोंडच उघडता येत नाही, त्याच्यासाठी घोषणा कोण देणार? – एक बाप

उत्तर :

प्रिय दादा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

लेकीचं ते वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहून पाठवलंत. ते तुमच्या मनातून जात नाही, हे त्यावरूनच कळतं. माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना अंदाज बांधावा लागणार नाही : ती ओळ बदलायला नको होती. तुमचा हेतू वाईट होता असं मला मुळीच वाटत नाही. मंडळी लहान आहे, त्यात फूट पडू नये, एवढंच तुमच्या मनात असणार. पण त्या बदलाने काय झालं, ते तुमच्या मुलीने अचूक ओळखलं. पवित्र शास्त्र तिच्या बाजूने आहे, म्हणून शास्त्रातूनच सुरुवात करते.

सगळी माणसं देवाच्या प्रतिरूपाची आहेत, हे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे आणि त्याबद्दल तुमच्यात आणि मुलीत काहीच मतभेद नाही. आता प्रेषितांची कृत्ये काढा, सहावा अध्याय. यरुशलेमेतली मंडळी नवी होती, वाढत होती. दोनच अध्याय आधी लूकने लिहिलंय, की विश्वास ठेवणारे एकदिलाचे होते आणि त्यांचं सगळं समाईक होतं. अशा मंडळीत कुरकुर सुरू झाली. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवा राहून जात होत्या. इब्री विधवांना मिळत होतं, यांना मिळत नव्हतं. बारा प्रेषितांपुढे तुमच्यासारखाच पेच होता. ‘आपल्याकडे सगळ्याच विधवा सारख्या, भाषेवरून भेद कशाला?’ असं म्हणून त्यांना मोकळं होता आलं असतं. वाक्य खरं होतं, आणि भक्तिभावाचंही वाटलं असतं. मात्र दुसऱ्या दिवशी त्याच विधवा पुन्हा रिकाम्या हातांनी घरी गेल्या असत्या.

प्रेषितांनी तसं केलं नाही. रानात इस्राएल लोकांनी कुरकुर केली तेव्हा देव कोपला होता; इथे मात्र कुरकुर करणाऱ्यांना कोणी दटावलं नाही. सगळ्या शिष्यांना बोलावून सात जण नेमायला सांगितलं. ती नावं वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. शेवटचा निकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता, अंत्युखियाहून येऊन त्या धर्मात आलेला. म्हणजे ज्यांच्या घरच्या विधवांवर अन्याय होत होता, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती प्रेषितांनी वाटप सोपवलं. यामुळे इब्री विधवांचं मोल कमी झालं, असं लूक कुठेही म्हणत नाही. उलट पुढच्याच वचनात देवाचं वचन पसरत गेलं आणि शिष्यांची संख्या फार वाढली, असं लिहिलंय. मंडळीत फूट पडण्याची भीती होती, ती राहून गेलेल्यांची दखल घेतल्याने गेली.

दादा, तुमच्या सभेतही एक तक्रार आली होती, ओळीच्या रूपात. तुम्ही तिला उत्तर दिलं ते ‘सगळ्याच विधवा’ असं.

तुमचं अटलांटा जॉर्जिया राज्यात, म्हणून जॉर्जियातलंच उदाहरण देते. २३ फेब्रुवारी २०२०, रविवारची दुपार. ब्रन्सविकजवळच्या एका वस्तीतून अहमद आर्बरी हा २५ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण धावत होता. तिघा गोऱ्या माणसांनी दोन ट्रकमधून त्याचा पाठलाग केला, त्याला अडवलं आणि त्यातल्या एकाने त्याला बंदुकीने मारलं. मारणारे पळून गेले नव्हते. पोलिसांना ते तिथेच भेटले. तरीही ७ मेपर्यंत कोणालाही अटक झाली नाही. १८६३ सालच्या, गुलामगिरीच्या काळातल्या एका कायद्याने सामान्य नागरिकाला संशयिताला पकडायची मुभा दिली होती, त्याचा आधार घेऊन एका सरकारी वकिलाने अटकेची गरज नाही असं लेखी कळवलं होतं. शेवटी त्या घटनेचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, आणि दोन दिवसांत अटक झाली.

त्या अडीच महिन्यांत जॉर्जियातल्या चर्चांमधून ‘देवाची सगळीच लेकरं’ हे वाक्य दर रविवारी बोललं गेलं असणार. त्याने त्या मुलाच्या आईचं दार कोणी ठोठावलं नाही. ज्या लोकांनी त्याचं नाव घेतलं, तो कृष्णवर्णीय होता म्हणूनच असं घडलं असं स्पष्ट म्हटलं, त्यांच्यामुळे हललं ते हललं. जून २०२० मध्ये जॉर्जियात द्वेषमूलक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा झाला. पुढच्या वर्षी तो १८६३ चा कायदा रद्द झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघेही दोषी ठरले. खटला चालू असताना एका आरोपीच्या वकिलाने न्यायाधीशांपुढे म्हटलं, की कोर्टात आणखी कृष्णवर्णीय पाळक येऊन बसायला नकोत. मेलेल्या मुलाच्या आईवडिलांशेजारी बसून प्रार्थना करणारा पाळक त्याला अडचणीचा वाटला. आठवडाभरात शेकडो पाळक त्या न्यायालयाबाहेर जमले आणि प्रार्थना करत उभे राहिले. तुमच्या मुलांना ज्या मंडळीबरोबर उपासना करायची होती, ती याच परंपरेतली.

त्या परंपरेबद्दल दोन शब्द, कारण ‘हे लोक वेगळी चर्चं काढून बसतात आणि मग एकीच्या गोष्टी करतात’ असं आपल्या लोकांकडून मी ऐकलेलं आहे. फिलाडेल्फियात अठराव्या शतकाच्या अखेरीस, सेंट जॉर्ज मेथॉडिस्ट चर्चमध्ये, कृष्णवर्णीय सभासद गुडघे टेकून प्रार्थना करत होते. जागा गोऱ्यांसाठी राखलेली म्हणून त्यांना प्रार्थना संपेपर्यंतही थांबू न देता ओढून उठवलं गेलं. ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन हे त्यांचे पुढारी. ते सगळे तिथून बाहेर पडले आणि पुन्हा त्या चर्चमध्ये गेले नाहीत. ॲलन यांच्या पुढाकाराने १८१६ मध्ये आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल हा पंथ उभा राहिला. वेगळं चर्च काढायची हौस कोणाला नव्हती. प्रार्थनेतून उठवलेल्या माणसांनी बसायला जागा शोधली.

आता संघटनेबद्दल. तुमची शंका बिनबुडाची नाही. ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ हे शब्द जुलै २०१३ मध्ये पुढे आले. फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन या १७ वर्षांच्या निःशस्त्र मुलाला गोळी घालणारा माणूस निर्दोष सुटला, तेव्हा ॲलिशिया गार्झा यांनी आपल्या लोकांना धीर देण्यासाठी फेसबुकवर लिहिलं आणि पॅट्रिस कलर्स यांनी त्यातले शब्द उचलून हॅशटॅग केला. ओपल टोमेटी यांच्यासह तिघींनी ते पुढे नेलं. त्यातूनच पुढे त्याच नावाची संस्था झाली. तिच्या संकेतस्थळावर आईवडील-मुलं एवढ्याच कुटुंबाच्या पाश्चात्त्य चौकटीला धक्का देण्याची भाषा होती, जी २०२० मध्ये काढली गेली. देणग्यांच्या पैशांतून कॅलिफोर्नियात सुमारे ६० लाख डॉलरचं घर घेतल्याचं २०२२ मध्ये उघड झालं आणि त्यावर कडक टीका झाली. मृतांच्या काही नातेवाइकांनीही पैशांचा जाब विचारला. त्या संस्थेला देणगी द्यायची नाही असं तुमच्या मंडळीने ठरवलं, तर मी तुमच्याशी वाद घालणार नाही.

पण मुलांनी संस्थेचं नाव लिहिलं नव्हतं, तिचं निशाण लावलं नव्हतं, देणगीची पेटी फिरवली नव्हती. त्यांनी देवापुढे एक वाक्य म्हटलं होतं. आणि त्या वाक्यातलं म्हणणं २०१३ चं नाही, त्याहून जुनं आहे. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिसमध्ये मुसळधार पावसात कचऱ्याच्या गाडीत आसरा घेतलेले दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार तिच्या यंत्रात सापडून चिरडले गेले. त्यानंतर तिथले सुमारे १३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या मोर्चातल्या प्रत्येकाच्या गळ्यात एकच पाटी होती : ‘मी माणूस आहे.’ त्या संपाचं ठाणं क्लेबर्न टेंपल हे चर्च होतं, तेही आफ्रिकन मेथॉडिस्टच. पाट्या तिथूनच निघाल्या. त्या कामगारांना पाठिंबा द्यायला आलेले किंग ४ एप्रिलला मेम्फिसमध्येच गोळीला बळी पडले. मेम्फिसच्या त्या कामगाराला तुम्ही असं उत्तर दिलं नसतं, की ‘अहो, आम्हीही माणसंच आहोत.’

आणखी एक, कारण तुमची उपासना किंग यांच्याच स्मरणाची होती. एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी जे प्रसिद्ध पत्र लिहिलं, ते द्वेष पसरवणाऱ्यांना उद्देशून नव्हतं. ते आठ गोऱ्या धर्मसेवकांना होतं. ते लोक सभ्य होते, कायद्याला मानणारे होते, त्यांनी हिंसेचा निषेधच केला होता. त्यांचं म्हणणं एवढंच, की मोर्चे नकोत, घाई नको, वातावरण तापवू नका. किंग यांनी त्यात लिहिलं, की उघड वैऱ्यापेक्षा न्यायाहून शांतता अधिक प्रिय मानणारा मवाळ गोरा माणूस त्यांना जास्त निराश करतो. यिर्मयाने त्याच्या काळच्या याजकांबद्दल हेच म्हटलं होतं : माझ्या लोकांची जखम ते वरवर बांधतात आणि ‘शांती, शांती’ म्हणतात, पण शांती मुळीच नाही. ‘उगाच वाद नको’ हे तुमचे शब्द वाचताना मला हे दोन्ही उतारे आठवले. मी तुम्हांला दोष द्यायला ते सांगत नाही. तुम्ही पंच आहात, उद्या पुन्हा असा प्रसंग येईल, तेव्हा ते तुमच्या हाताशी असावेत.

आता तुमचा खरा प्रश्न, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा : गर्भातल्या बाळासाठी कोण बोलणार?

तुम्ही बोला. बोलत राहा. तुमचं ते काम मला लहान वाटत नाही. मातेच्या उदरात देवाने विणलेला जीव, हे स्तोत्र १३९ मी मानते. म्हणूनच तुम्हांला निर्गमाच्या पहिल्या अध्यायाकडे घेऊन जाते. फारोचं फर्मान काय होतं? सगळी बाळं मारा, असं नव्हतं. इब्री स्त्रियांची बाळंतपणं करताना मुलगा झाला तर मारा, असं होतं. बाळाचा जीव आणि त्याचा वंश हे त्या फर्मानात वेगळे काढताच येत नाहीत. ते मोडलं कोणी, तर शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींनी. त्यांनी देवाचं भय धरलं आणि मुलगे जिवंत ठेवले. शास्त्राने त्या सम्राटाचं नाव लिहिलेलं नाही, या दोघींची नावं लिहिली आहेत. तुमची मुलगी आज त्यांचंच काम करते. तिला विचारा, तिच्या वॉर्डात कोणाच्या जिवाला जास्त धोका असतो.

ती सांगेल ते आकडे हे असे आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेत दर १ लाख जिवंत जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता दगावल्या. कृष्णवर्णीय माता ५०.३. तिपटीहून जास्त. त्यांच्या बाळांचा पहिल्या वर्षातला मृत्युदरही गोऱ्या बाळांच्या दुपटीहून अधिक आहे. हे सगळं गरिबीमुळे होतं म्हणावं, तर शिकलेल्या आणि चांगल्या पगाराच्या स्त्रियाही यातून सुटत नाहीत. तुमच्या अटलांटातलीच गोष्ट आहे. रोगनियंत्रणाच्या केंद्रीय संस्थेत काम करणारी, आरोग्यातल्या विषमतेचाच अभ्यास केलेली ३६ वर्षांची कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ जानेवारी २०१७ मध्ये बाळंत झाली. रक्तदाब वाढतोय, पाय सुजलेत, म्हणून ती पुन्हा पुन्हा दवाखान्यात गेली. तिला परत पाठवलं गेलं. महिन्याच्या आत ती गेली. मूल वाचलं, आई गेली. ‘मला बरं वाटत नाही’ असं कृष्णवर्णीय बाई म्हणते तेव्हा ते तितक्या गांभीर्याने घेतलं जात नाही, हे तिथल्या परिचारिका आणि डॉक्टर स्वतःच सांगतात. प्रार्थनेतून काढून टाकलेली बाई कोण, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

गर्भपाताविरुद्ध बोलणारे लोक नेहमी सांगतात, की अमेरिकेतल्या गर्भपातांत कृष्णवर्णीय स्त्रियांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त आहे. ते खरं आहे. पण हा आकडा पुष्कळदा त्या स्त्रियांना गप्प करायला वापरला जातो : आधी तुमच्या पोटातल्या बाळांचं बघा, मग पोलिसांबद्दल बोला. असा वापर करू नका, दादा. तो आकडा ऐकून तुमचं मन द्रवत असेल, तर पुढचा प्रश्न हा असायला हवा, की या आईला हे बाळ वाढवणं इतकं अवघड कशाने झालं? बाळंतपणात मरायची भीती, नोकरी जायची भीती, आणि मुलगा सतरा वर्षांचा झाला की रस्त्यावर त्याचं काय होईल ही भीती. ज्याचा जीव गर्भात मोलाचा, त्याचा जीव फूटपाथवर धावतानाही मोलाचा. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यानंतर, हेच म्हटलं होतं : प्रत्येक मानवी जीवनाच्या पावित्र्याचं रक्षण करतो म्हणायचं आणि वर्णभेदाकडे डोळेझाक करायची, हे चालणार नाही.

या दोन गोष्टी एकाच आयुष्यात कशा राहतात, हे पाहायचं तर फॅनी लू हेमर यांच्याबद्दल वाचा. मिसिसिपीतल्या शेतमजुराच्या घरातलं विसावं अपत्य. १९६१ मध्ये गाठ काढायच्या शस्त्रक्रियेत डॉक्टरने त्यांना न विचारता, न सांगता त्यांचं गर्भाशयच काढून टाकलं. तिथल्या गरीब कृष्णवर्णीय बायकांच्या बाबतीत हे इतकं सर्रास चालायचं, की लोकांनी त्याला ‘मिसिसिपीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन’ असं नाव ठेवलं होतं. पुढच्या वर्षी मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, म्हणून ज्या मळ्यावर अठरा वर्षं राबल्या तिथून हाकलल्या गेल्या. १९६३ मध्ये तुरुंगात त्यांना इतकं मारलं, की ते दुखणं जन्मभर राहिलं. या बाईंचा गर्भपाताला ठाम विरोध होता. आपल्या लोकांना मताचा हक्क आणि पोटाला अन्न मिळावं म्हणून त्या मरेपर्यंत लढल्या. गोरगरिबांना पिकवून खाता यावं म्हणून त्यांनी सहकारी शेती उभी केली. बाळ की न्याय, असं त्यांना कोणी निवडायला लावलं असतं, तर तो प्रश्नच त्यांना कळला नसता. त्यांच्या शरीरात आणि गावात तो एकच होता.

‘मी वर्णभेद करणारा माणूस नाही’ असं तुम्ही लिहिलंय. मी ते खरं मानते. पण आपण भारतीय माणसं तिथे घर घेताना कोणत्या वस्त्या टाळतो, मुलगी लग्नासाठी कोणाला घरी घेऊन आली तर आपल्या पोटात गोळा येतो, कृष्णवर्णीयांबद्दल आपण मराठीत, ते ऐकत नाहीत म्हणून, कसं बोलतो, हे तुमच्या मुलीने लहानपणापासून ऐकलेलं आहे. त्याविरुद्ध तुम्ही एकदा तरी घरात बोललात का, हे तिला आठवत असणार.

आपला तिथला पायही त्यांच्याच कष्टांनी टेकला. १९४६ पासून भारतीयांना अमेरिकेत वर्षाला जेमतेम १०० जणांचा कोटा होता. तो मोडणारा कायदा १९६५ मध्ये झाला. नागरी हक्कांच्या चळवळीने वंशावरून माणूस तोलण्याची लाज त्या देशाला वाटायला लावली नसती, तर तो झाला असता का, याचा विचार करा. आणि फेब्रुवारी २०१५ मधली अलाबामाची घटना तुम्हांला आठवत असेल. नातवाला सांभाळायला आलेले एक भारतीय आजोबा सकाळी फूटपाथवर फिरत होते. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला : एक हडकुळा काळा माणूस हिंडतोय. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर असं आपटलं, की ते अंशतः लुळे पडले. फोन करणाऱ्याला तुमचा-माझा पासपोर्ट दिसत नाही.

तुम्ही नगरचे, म्हणून एक दुखरी गोष्ट विचारते. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. कारण काय सांगतात? ‘ख्रिस्ती धर्मात जात नाही, ख्रिस्तात सगळे सारखे.’ आपल्याच गलतीकरांस पत्रातलं वचन आपल्याच लोकांच्या तोंडावर बंद दारासारखं लावलं जातं. गावच्या विहिरीवर, नोकरीत, लग्न जुळवताना जात आहे हे आपल्या आयाबापांना माहीत होतं. खऱ्या वचनाने खरी तक्रार कशी दाबता येते, हे नगरच्या ख्रिस्ती माणसाला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

आता काय करायचं ते सांगते.

आधी मुलीकडे जा. फोन नको, आणि तिला घरी जेवायलाही बोलावू नका, तुम्ही तिच्या घरी जा. ‘मी ती ओळ बदलायला नको होती’ एवढं सरळ म्हणा. त्यापुढे ‘पण’ लावू नका. गर्भपाताचा विषय त्या दिवशी काढू नका, संघटनेचा तर नाहीच. तिला तिच्या कामाबद्दल विचारा. एखादी बाळंतीण तिच्या हातून कशी वाचली, एखादी कशी गेली, नाव न सांगता ती जे सांगेल ते मधे न बोलता ऐका. ती रागावली तर रागावू द्या. इतके दिवस ती हवापाण्याचं बोलतेय, त्यापेक्षा तो राग बरा.

दुसरं, त्या शेजारच्या मंडळीत एकदा उपासनेला जा. तुमच्या मंडळीच्या वतीने भाषण करायला नव्हे, मागच्या बाकावर बसायला. गाणी लांबतील, उपदेश लांबेल, तुम्हांला मोठ्याने ‘आमेन’ म्हणायची सवय नसेल, ते असू द्या. उपासनेनंतर त्यांच्या महिलांना विचारा, की बाळंतिणींसाठी त्यांच्याकडे काय चालतं. अशा मंडळ्यांतल्या कितीतरी जुन्या बायका पिढ्यानपिढ्या हे काम करत आल्या आहेत. तुमच्या मंडळीचे जे पैसे गरोदर मुलींच्या मदतकेंद्राला जातात, त्यातला काही भाग बाळंतपणानंतरच्या वर्षासाठी लावता येईल का, हे मुलीशी बोलून ठरवा. बाळंतिणीच्या घरी जाऊन तिचा रक्तदाब पाहणारं कोणीतरी, दवाखान्यात सोबतीला जाणारं कोणीतरी. जॉर्जियाने २०२२ मध्ये बाळंतिणींचं सरकारी विमासंरक्षण वर्षभरापर्यंत वाढवलं, कारण कितीतरी माता पहिल्या काही आठवड्यांनंतरच दगावतात. विमा मिळाला तरी हात धरून नेणारं माणूस लागतंच, आणि तुमच्या मंडळीत निवृत्त झालेले, गाडी चालवणारे, वेळ असलेले लोक आहेत.

पंचमंडळात हा विषय तुम्हीच काढा. ओळ तुमच्या सूचनेने गेली, तुमच्याच सूचनेने परत यावी. पुढच्या जानेवारीची वाट पाहू नका, कोणत्याही रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत ती घेता येते. आपण मध्यस्थीत एरवी काय करतो? आजारी सभासदाचं नाव घेतो. तेव्हा ‘मग निरोग्यांचं काय?’ असं कोणी विचारत नाही. कोणी विरोध केला तर कृत्यांचा सहावा अध्याय सभेतच वाचून दाखवा. गर्भातल्या बाळांसाठीची प्रार्थना तुम्ही त्याच रविवारी, त्याच ओळीनंतर घालू शकता. मुलं त्याला नाही म्हणणार नाहीत, असं मला वाटतं. पण शब्द त्यांच्याबरोबर बसून लिहा, त्यांच्या पाठीमागे नको.

एक मात्र सांभाळा. सभा मुलीला भेटण्याआधी असेल, तर भेटीसाठी सभेतलं बोलणं लांबवू नका, आणि तिथे काय झालं ते तिला लगेच फोन करून कळवूही नका. तिला कोणाकडून तरी कळेलच. तुम्ही तिला परत आणायला ओळ परत घातलीत, असं तिला वाटलं तर ती ओळ पुन्हा तुमच्या दोघांतलीच होऊन बसेल, आणि ती तिच्या वॉर्डातल्या बाईची आहे.

प्रभूमध्ये तुमची,
ताई